बुधाचं अतिक्रमण

हे खरं म्हणजे मी सांगायचं नव्हतं, काकू. आईनं सकाळीच बजावलंय — सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कुणापाशी नाही, आणि समोरच्या मनूकाकूंपाशी तर मुळीच नाही — राग मानू नका, ती तसं म्हणाली एवढंच. पण मी विचार केला, तुम्ही तीन वर्षं आमच्या घराशी बोलत नाही, पप्पांशी नाही, आईशी नाही, माझ्याशीसुद्धा नाही, मग तुम्हाला सांगितलेलं जाणार कुठे? सगळ्या पेठेत तुमच्याइतकी खात्रीची जागा नाही. आणि मला कुणाला तरी सांगायचंच आहे, कालपासून पोटात नुसत्या गुदगुल्या होतायत. वर्गात मी कधी हात वर करत नाही — उत्तर येत असलं तरी नाही, सगळे वळून बघतात ना — पण तुम्ही उत्तरच देणार नाही म्हटल्यावर बोलायला किती सोपं जातंय बघा. तुम्ही आपल्या कुरडया गोळा करा. मी या खोक्यात बघत बघत सांगते.

आधी हे बघा मात्र. या, असं इकडून, सावलीच्या बाजूनं. नाही नाही, दुर्बिणीला डोळा लावायचा नाही! अजिबात नाही, काकू, डोळा जाईल. दुर्बीण सूर्याकडे तोंड करून बांधलीय पाटाला, तिचं एक भिंग मी झाकलंय, आणि दुसऱ्यातून सूर्य आपोआप खोक्यातल्या कागदावर पडतो — तो बघायचा. दिसला? बशीएवढा. खरोखरचा सूर्य आहे तो, चित्र नाही. आणि त्याच्या कडेपासून जरासा आत, काळा ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा — पदरानं पुसू नका! — ती धूळ नाही हो. मलाही आधी तेच वाटलं, मी फुंकर मारून बघितली. मग दुर्बिणीला हळूच टिचकी मारली, तर सूर्य हलला आणि ठिपका सूर्याबरोबर हलला. भिंगावरची धूळ असती तर ती जागच्या जागी राहिली असती. तो बुध आहे. ग्रह. आत्ता या घटकेला आपल्या आणि सूर्याच्या मधून चाललाय. याच्यानंतर आपल्या गावातून दिसायचा तो एकदम दोन हजार बत्तीस साली, तेव्हा मी तिशी ओलांडलेली असेन आणि तुम्ही — बरं, ते राहू दे.

दुर्बीण दिलीत त्याबद्दल मी आभार मानलेच नाहीत. जिन्यात मी परत परत मागे फिरत होते, काय म्हणून मागायची सुचत नव्हतं, आणि तुम्ही दार उघडलंत, माझ्या हातातलं खोकं बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि आत जाऊन तुमच्या विश्वजीतदादाची दुर्बीण आणून इथे गच्चीवर, बाजेवर ठेवलीत. एक शब्द नाही. दादाच्या फौजी मोज्यात गुंडाळलेली होती, ती मी तशीच गुंडाळून परत देईन, मोजाही पाटाखाली नीट ठेवलाय. तुम्हाला कसं कळलं, मला काय हवंय ते? खोक्यावर तर 'प्रेशर कुकर, पाच लिटर' लिहिलंय.

तर — ते अतिक्रमणाचं सांगायचं होतं. शनिवारी आपल्या पेठेतून इंद्रजितच्या रिक्षाचा भोंगा गेला, तो तुम्ही ऐकला असणारच, सगळ्यांनीच ऐकला. निवडणुकीत ओरडायचा तोच इंद्रजित. त्याच्या हातातला कागद मी लिहिलेला होता. म्हणजे मजकूर आमच्या विज्ञानाच्या सरांचा, अक्षर माझं — सर म्हणाले, पिऊ, तुझं अक्षर वाचणाऱ्याला अडखळू देत नाही. मी चार ओळी सावकाश, शिरोरेघा पट्टीनं मारून लिहिल्या : सोमवार दिनांक नऊ मे रोजी दुपारी पावणेपाच वाजता बुधाचे अधिक्रमण. अधिक्रमण, काकू. धि. धोतरातला ध, त्याला पहिली वेलांटी. 'अधि' म्हणजे वरून, एकाच्या अंगावरून दुसऱ्यानं जाणं, बस्स, कुणाची जागा घ्यायची नाही की काही नाही. आणि इंद्रजितनं भोंग्यात काय वाचलं? बुधाचे अतिक्रमण! तेही खर्जातल्या आवाजात, "तमाम नागरिक बंधू-भगिनींनो" करून.

पुढचं तर त्यानं जसंच्या तसं वाचलं, पण पहिला शब्द चुकल्यावर पुढच्या प्रत्येक ओळीचा अर्थच बदलला की. मी आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यामागे बसून ऐकत होते. "हे अतिक्रमण सुमारे साडेसात तास चालेल" — झालं, सलूनवाले कृष्णातमामा वस्तरा हातात घेऊन बाहेर. "साडेसात तास म्हंजी जेसीबी आणत्यात गड्या, नुसत्या हातोड्यानं एवढा येळ कशाला लागतुय!" मग भोंगा म्हणाला, उघड्या डोळ्यांनी पाहू नये, डोळ्यांना कायमची इजा होईल. पप्पा म्हणाले, "आयला, अश्रुधूर सोडणार?" त्यात शेवटची ओळ — नागरिकांची सोय हायस्कूलच्या मैदानावर केली आहे. कृष्णातमामांनी लगेच सगळ्यांना समजावून सांगितलं, की काढलेलं सामान जमा करायची जागा ती. एक जण नुसता म्हणत होता, "आवं पण बुध गाव तर खटाव तालुक्यात हाय, तितलं अतिक्रमण आपल्यात कशाला पुकारत्यात?" त्याला सगळ्यांनी गप्प केलं. आणि मी कपाटामागे तोंड घालून — काकू, मला हसू आवरेना. डोळ्यातून पाणी आलं. पप्पांना वाटलं मी घाबरून रडतेय. म्हणाले, "रडू नगंस, आपुन आपल्या हातानं काडू, मोडतोड व्हणार न्हाई."

आणि काढला पत्रा. काल दिवसभर सगळी पेठ पान्हे घेऊन पत्र्यांवर. तुम्ही इथूनच बघत होतात, कुरडया घालता घालता. आमच्या दुकानावरची ती शेड, पाइप रोवून रस्त्यावर पार पुढे काढलेली — त्या शेडवरून तुमचं आणि पप्पांचं झालं होतं ना, मला सगळं आठवतं, मी तेव्हा सहावीत होते. तुमच्या कुरडयांना दुपारनंतर ऊन मिळेना, त्या आंबल्या, आणि तुम्ही याच कठड्यावरून म्हणालात, "ऊन काय तुमच्या बापाचं हाय का?" आणि पप्पा खालून म्हणाले, "न्हाई, पर तुमच्या तरी बापाचं हाय का?" त्या दिवसापासून अबोला. हळदीकुंकवाला नाही, तिळगूळ नाही. मी तुमच्याकडे पुरणाची वाटी घेऊन यायचे, तेही बंद. एका पत्र्याची केवढी ही सावली!

थांबा हं, सूर्य कागदावरून निसटला. सारखा निसटतो, पाट जरा जरा वळवावा लागतो. आला. बघा, ठिपका मघापेक्षा आत सरकलाय ना? तुम्ही मान हलवलीत. मान हलवणं बोलण्यात धरत नाहीत, काळजी करू नका.

मान हलवण्यावरून आठवलं. हे — हे आईलाही माहीत नाही, काकू. आईला वाटतंय इंद्रजितनं आपल्या मनानं चुकीचं वाचलं. तसं नाही झालं. पुकारा सुरू करायच्या आधी त्यानं रिक्षा आमच्या दुकानासमोर थांबवली होती. पप्पा आत बादल्या रचत होते. इंद्रजित कागद घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला — मला कमीपणा वाटू नये म्हणून हळू, चांगला आहे तो — "अगं, हितं अधि लिव्हलंयस. अति पायजे न्हवं? करू का दुरुस्त?" मी वर बघितलं. मला म्हणायचं होतं, नाही, अधिच बरोबर आहे. अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच्या डोक्यावरून मला आमचा पत्रा दिसला, आणि पत्र्याच्या पलीकडे तुमच्या गच्चीचा हा कोपरा, सावलीत, आणि तुम्ही बाज ओढत ओढत उन्हाच्या एवढ्याशा पट्टीत नेत होतात. आणि मी — मी मान हलवली. हो म्हणून. बस्स, एवढीच. त्यानं खिशातलं पेन काढून माझा धि खोडला आणि ति केला. माझ्या सुंदर अक्षरात त्याचा तो वाकडा ति. आजवर मी कुणाच्या वहीतली चूकसुद्धा तशीच सोडलेली नाही, मनातल्या मनात तरी दुरुस्त करतेच.

हसलात! काकू, तुम्ही हसलात. पदर तोंडावर घेतलात म्हणून काय, खांदे हलताना दिसले मला. असू दे, हसणंही बोलण्यात धरत नाहीत.

पण खरं सांगू का, मला आधी वाटायचं तुम्ही उन्हासाठीच भांडलात. सगळ्यांनाच तसं वाटतं. काल पत्रे उतरल्यावर पहिल्यांदा तुम्ही काय केलंत, ते मी आमच्या दुकानावरून बघत होते. बाज तशीच राहिली, परात तशीच राहिली. तुम्ही या कठड्याशी आलात आणि आमच्या दुकानावरून थेट पलीकडे बघितलंत — एस.टी. स्टँडकडे. डोळ्यांवर हात धरून. तेवढ्यात सातारची गाडी आली आणि तुम्ही ती पूर्ण रिकामी होईस्तोवर बघत राहिलात, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. विश्वजीतदादा सुट्टीवर यायचा, तो तिथेच उतरायचा ना? ट्रंक खांद्यावर घेऊन. तुम्ही त्याला इथूनच बघायचात आणि चहा टाकायला खाली पळायचात. आणि पत्रा झाल्यापासून तो थेट दारातच उभा राहतो. गेल्या खेपेला तुम्ही एवढ्या दचकलात की हातातला तांब्या पडला, आम्हाला समोर आवाज आला होता. मग कुरडयांचं नाव का पुढे केलंत, काकू? "मला माझं पोरगं येताना दिसत न्हाई" एवढं म्हणाल्या असतात, तर पप्पांनी दुसऱ्या दिवशी — बरं, दुसऱ्या दिवशी नसता काढला, पण त्यांना रात्री झोप आली नसती. दादाला सायकल शिकवली ती पप्पांनीच की.

येणार आहे ना तो? या महिन्यात? … दोन बोटं? म्हणजे परवा? परवाच! अगं बाई.

म्हणजे आई म्हणते तेच खरं, तोंड उघडायचं नाही. पप्पांना वाटतंय अतिक्रमणवाले अजून यायचेत, आज उशिरा येतील. त्यांना कळलं की कुणीच येणार नव्हतं, की आलाय तो नुसता एक ग्रह, आणि तोही सव्वाआठ कोटी किलोमीटरवरून, तर संध्याकाळच्या आत पत्रा परत चढेल. आमचे सगळे पत्रे तिथेच उभे करून ठेवलेत भिंतीला, बोल्टसुद्धा डब्यात जपून ठेवलेत. आणखी थोडा वेळ असाच गेला पाहिजे, काकू. मग अंधार पडेल, उद्या मंगळवार, उद्या ते कुंडलला माल आणायला जाणार, आणि परवा दादा उतरेल. एकदा दादा उतरताना पप्पांनीही दुकानावरून बघितला, की मग — मला वाटतं, मग नाही चढवणार. पण आज नको कळायला.

शिवाय पप्पांचंही जरा बदललंय. रात्री ते दुकानावर उघड्यावर झोपले. तीन वर्षांत पहिल्यांदा. पत्र्याखाली भट्टी असायची तिथं, आणि काल म्हणे लय गार वारं सुटलेलं. सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर ते दात घासत उभे होते. तुम्ही इथे कठड्याशी होतात, स्टँडकडे बघत. पप्पा तुमच्याकडे बघत होते. मग त्यांनी वळून स्टँडकडे बघितलं. मग परत तुमच्याकडे. आणि ब्रश तसाच तोंडात राहिला, काकू, फेस हनुवटीवर आला तरी. मी चहा ठेवला आणि खाली आले. जेवताना आमरस दोनदा घेतात ते अक्षय तृतीयेला, आज एकदाच घेतला. आईनं विचारलं तर म्हणाले, "कायतर डोक्यात फिरतंय." त्यातून यंदा शुक्राचा अस्त, मे महिना असून लग्नं नाहीत, भांड्यांना गिऱ्हाईक नाही, त्यामुळे ते आधीच —

ऐकलंत? भोंगा! नाही, हा आईस्क्रीमवाला नाही, हा इंद्रजितच. पेठेच्या टोकाला आहे अजून. काय म्हणतोय तो? "… दुरुस्ती. तमाम नागरिक बंधू-भगिनींनो, दुरुस्ती. अतिक्रमण असे नसून …" काकू! सर! सरांनी पाठवलं त्याला, नक्की! कृष्णातमामा दुपारी आपले पत्रे टेम्पोत घालून हायस्कूलच्या मैदानावर जमा करायला गेले होते, मी त्यांना जाताना बघितलं होतं — तिथे सर दुर्बीण लावून बसलेत, आणि हे विचारणार, सायब, पावती कुठं मिळंल? "… अतिक्रमण असे नसून अधिक्रमण असे वाचावे. सदर घटना आकाशात घडत असून पत्र्यांशी तिचा संबंध नाही." पत्र्यांशी संबंध नाही! हे सरांनी सांगितलेलं नाही, हे त्याचं पदरचं आहे.

बघा आता. सगळे भोंग्याकडे बघतायत. आता — हं, हसले. कृष्णातमामाही पत्र्यांचा टेम्पो घेऊन परत आलेत, शिव्या देतायत, पण हसत हसत. "आरं ग्रह? आमी ग्रहासाठी पत्रं उतारलं व्हय रं?" आणि ते पप्पा. दुकानाच्या पायरीवर. ते हसत नाहीत. म्हणतायत, "शुक्रानं धंदा बसवला, आन् आता ह्यो बुध पत्रं काडाय आला." त्यावर सगळे हसतायत, ते नाही. मला इथे वर बघितलं त्यांनी. खोकं बघितलं. काकू, मी तुमच्या मागे उभी राहू का जरा?

ठोकाठोकी सुरू झाली पण. सलूनचा पहिला पत्रा चढला. तो चपलांच्या दुकानाचा. कसली घाई यांना! ठिपका अजून तिथेच आहे, त्याचं एवढंसं सुद्धा बिघडलं नाही, बघा — सूर्य लाल व्हायला लागलाय, खालून जरा चपटाही झालाय, आणि तो आपला त्याच्या अंगावरून चाललाय. आणि पप्पांनी शिडी लावली. वर आले. पत्रा उचलला. काकू, तुम्ही काहीतरी बोला ना. कुरडयांचं नको, खरं ते. एवढंच म्हणा की परवा विश्वजीत येतोय. हाका मारायच्या अंतरावर तर आहेत ते. मी सांगितलं असतं, पण मी मोठ्यानं ओरडायला गेले की माझा आवाजच फुटत नाही, तुम्हाला माहिताय. का धरलाय एवढा घट्ट कठडा? बरं, नका बोलू. मी तरी काय म्हणणार, मी तर स्वतःच नुसती मान हलवून —

काय, पप्पा? … हो, इथेच आहे! … काकूंच्या गच्चीवर! … काय? वाऱ्यानं ऐकू येत नाही! … काकू, ते विचारतायत — ते तुम्हाला विचारतायत, मला नाही — म्हणतायत, "वैनींना इचार, पत्रा कुटवर मागं घिऊ म्हंजी स्टँड दिसंल?" स्टँड म्हणाले, काकू. ऊन नाही म्हणाले. स्टँड.

सांगा ना. बरं, बोलू नका, नुसता हात करा, मी त्यांना सांगते. एवढा मागे? … पप्पा, अजून मागे! … अजून? … काकू हात करतायत, अजून! … आणखी? काकू, एवढा मागे घेतला तर तो दुकानावर नाही, आमच्या मोरीवर पडेल, आई काय म्हणेल — बरं बरं, मोरीवर तर मोरीवर. दुर्बीण तेवढी धरा, आणि सूर्य निसटला की पाट जरा डावीकडे — आले, पप्पा, आले! खाली येऊन सांगते! काकू म्हणतायत, की परवा —